दागिना, वादी आणि दोन सुया

खिशात आणि पर्समध्ये वावरणाऱ्या वस्तूंमध्ये किल्ल्यांच्या कीचेनइतके हाल कोणाचेच होत नाहीत. पाकीट दिवसभर एका जागी बसून असते, चष्म्याला घर असते. कीचेन मात्र दिवसातून अनेकदा ओढली जाते, टेबलावर फेकली जाते, स्कूटरच्या कुलपाला लटकून प्रत्येक खड्ड्यागणिक हेलकावते, पावसात भिजते, घामेजल्या मुठीत आवळली जाते, आणि हे सगळे चालू असताना दातेरी किल्ल्यांचा जुडगा तिला सतत घासत असतो. त्यामुळे चामड्याचे हातकाम शिकू पाहणाऱ्यांना "आधी कीचेन करा, सोपी असते" असा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला अर्धाच पटतो. कीचेनला चामडे कमी लागते, एका संध्याकाळी ती पुरी होते आणि बिघडली तरी फारसे नुकसान होत नाही, इतपत तो खरा आहे. पण जी वस्तू सर्वांत जास्त झिजणार, ती सोपी कशी म्हणायची? त्यातून तिच्यावर तांब्याची ठोकलेली चकती, पितळेचे फूल किंवा घुंगरू असा धातूचा दागिना बसवायचा असेल, तर चामडे आणि धातू या एकमेकांशी फारसे न पटणाऱ्या दोन पदार्थांचा संसार लावून द्यायचा असतो. बरीच वर्षे या कामात रमल्यानंतर माझे एक मत पक्के झाले आहे, की कीचेनवरच्या दागिन्याला काहीतरी काम असले पाहिजे. नुसता मिरवण्यासाठी बसवलेला दागिना सर्वांत आधी निखळतो.

पण आधी चामड्याविषयी. मी कीचेनसाठी सालीने कमावलेलेच चामडे वापरते. बाभळीची साल आणि हिरडा यांतल्या टॅनिनमध्ये कातडे मुरवून चामडे तयार करण्याची ही पद्धत कोल्हापुरी चपलेच्या मागे पिढ्यान् पिढ्या उभी आहे. बाजारात मात्र ते 'वेज टॅन' म्हणून मागावे लागते, नाहीतर दुकानदार निःशंकपणे क्रोमचे चामडे पुढे करतो. क्रोमचे चामडे वाईट असते असे मुळीच नाही. ऑगस्टस शुल्त्झ याने न्यूयॉर्कमध्ये १८८४ साली क्रोमच्या क्षारांनी चामडे कमावण्याचे पेटंट घेतले आणि पुढे ज्या कामाला आठवडे आणि महिने लागत ते दिवसांवर आले. आज जगातले बहुतेक चामडे त्याच मार्गाने येते, आणि मऊ पर्स किंवा जाकीट शिवायचे तर तेच बरे. मात्र क्रोमच्या चामड्याची कापलेली कड कितीही घोटली तरी ती पिंजलेलीच राहते, आणि ओले करून दिलेला आकार ते धरून ठेवत नाही. सालीच्या चामड्याचे उलट आहे. पाणी लावून दुमडले की दुमड कायमची बसते, ठसा मारला की उमटतो, कड डिंकाच्या पाण्याने भिजवून लाकडाने घोटली की शिसवीसारखी चकाकते, आणि वापरता वापरता हाताच्या तेलाने आणि उन्हाने त्याचा फिका बदामी रंग हळूहळू गडद होत जातो.

कीचेनला लागते किती? दोन-अडीच सेंटिमीटर रुंद आणि वीस-बावीस सेंटिमीटर लांब अशी एक पट्टी, जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास, ती कडीतून घालून दुमडायची की झाले. एवढ्यासाठी अखंड कातडे घेण्याची गरज नसते. धारावीच्या चामड्याच्या दुकानांत तुकडे किलोवर मिळतात आणि माझ्यासारख्यांचे बहुतेक काम त्यांवरच भागते. तुकडे निवडताना मात्र हाताला कळले पाहिजे की हा पाठीचा आहे की पोटाचा. जनावराच्या पाठीकडचे चामडे घट्ट विणीचे असते, पोटाकडचे सैल आणि ताणले जाणारे. तुकडा बोटावर दुमडून पाहिला आणि वरच्या कातडीवर सैल सुरकुत्यांचे जाळे उमटले, तर तो पोटाचा समजावा आणि खुशाल बाजूला ठेवावा, मग त्याचा रंग कितीही मोहक असो.

रापीने पट्टी कापली, दुमडली, डिंकाने हलकी चिकटवली, की शिलाई सुरू होते, आणि या सगळ्या उद्योगात माझा जीव खरा अडकला आहे तो इथे. कडेपासून तीन मिलिमीटर आत कंपासाने एक बारीक रेघ ओढायची आणि तिच्यावर चार-चार मिलिमीटरवर खुणा करायच्या. भोकासाठीच्या आरीचे टोक गोल नसते, चपट्या शंकरपाळ्याच्या छेदाचे असते, आणि ते रेघेशी तिरपे धरून आरपार न्यायचे असते. हा तिरपेपणा प्रत्येक भोकात सारखा राहिला तरच पुढे टाके एका दिशेने झुकलेले, एकसारखे दिसतात. दोरा तागाचा किंवा पॉलिएस्टरचा, शिलाईच्या लांबीच्या चौपट घेऊन तो मधमाशीच्या मेणाच्या वडीवरून ओढायचा, म्हणजे त्याचे तंतू एकजीव होतात आणि तो भोकात रुतून बसतो. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना बोथट सुई. पहिल्या भोकातून दोरा निम्मा ओढून घेतला की पुढच्या प्रत्येक भोकात दोन्ही सुया जातात, एक इकडून आणि एक तिकडून. आधी डावीकडची सुई उजवीकडे आणायची, मग उजवीकडची सुई त्याच भोकात घालायची, मात्र आधीच भोकात असलेल्या दोऱ्यात ती टोचली जाणार नाही इकडे लक्ष ठेवायचे. नंतर दोन्ही हात बाजूंना पसरून टाका आवळायचा. कोणती सुई आधी, कोणती वर, हा क्रम एकदा ठरला की शेवटपर्यंत बदलायचा नाही. बदलला तर त्या जागी टाका आडवा पडतो आणि तो पुढे जन्मभर डोळ्यांत खुपतो.

हे दिसायला यंत्राच्या शिलाईसारखेच दिसते, पण आतून गोष्ट निराळी असते. शिलाईयंत्रात वरचा दोरा वरच राहतो, बॉबिनचा दोरा खालीच राहतो, आणि दोघे चामड्याच्या पोटात एकमेकांना अडकून परत फिरतात. एका बाजूचा दोरा घासून तुटला की त्याचा शेजारचा टाका सैल होतो, मग त्याच्या शेजारचा, आणि थोड्याच दिवसांत शिवण उसवते. दोन सुयांच्या टाक्यात दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून आरपार जाऊन बाजू बदलतात, त्यामुळे वरचा एक टाका झिजून तुटला तरी त्याच भोकांतून गेलेला दुसरा दोरा शाबूत असतो. घोड्याच्या खोगिरांची आणि लगामांची शिवण याच टाक्याची असते, कारण तिथे शिवण सुटणे म्हणजे स्वार खाली येणे.

फुटपाथवर बसणारे चर्मकार वापरतात तो टाका मात्र हा नव्हे. त्यांच्या आरीच्या टोकाला एक बारीक खाच असते. आरी वरून आत गेली की खालच्या हाताने दोरा त्या खाचेत अडकवायचा, त्याचा फास वर ओढायचा आणि वरच्या दोऱ्याचे टोक त्या फासातून काढून घट्ट करायचे. म्हणजे तो यंत्राच्या टाक्याचा सख्खा भाऊ, पण मेणाचा जाड दोरा आणि मनगटाची ओढ यांमुळे यंत्रापेक्षा कितीतरी मजबूत. आमच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या काकांना मी एकदा माझी दोन सुयांची शिलाई दाखवली होती. त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली, शिवणीवरून अंगठ्याचे नख फिरवले आणि म्हणाले, "काम पक्कं आहे ताई. पण आमचं गिऱ्हाईक एका पायावर उभं असतं." एवढ्या एका वाक्यात त्यांनी दोन टाक्यांमधला सगळा फरक सांगून टाकला. मी दिवाणखान्यात दिवा लावून बसते आणि माझी घाई कोणालाच नसते.

हा फरक केवळ टाक्याचा नाही, हेही इथे लिहिले पाहिजे. आपल्या गावगाड्यात कातडे कमावण्याचे काम ढोरांचे आणि ते शिवण्याचे काम चांभारांचे होते. विहिरीवरची मोट, तिचा नाडा, वहाणा, आसूड, जुंपणीच्या वाद्या (चामड्याच्या अरुंद पट्ट्या) हे सगळे त्यांच्या हातून होत असे, आणि चामड्याची मोट इतकी घट्ट शिवलेली असे की भरलेली मोट विहिरीच्या तोंडाशी येईपर्यंत तिच्यातले पाणी टिकत असे. त्या कामाला बलुते मिळे, मान मिळत नसे. आता माझ्यासारखी बाई तेच काम 'छंद' म्हणून करते, तर त्याचे कौतुक होते, आणि एका कीचेनला मला जो भाव मिळतो तो काकांना दिवसभराच्या अनेक टाक्यांना मिळत नाही. माझी कीचेन सावकाश आणि निगुतीने केलेली असते हे खरे, पण भावातला सगळा फरक निगुतीचा आहे असे म्हणण्याचा निगरगट्टपणा माझ्याकडून होत नाही.

आता दागिना. पुण्यात कसबा पेठेच्या बाजूला तांबट आळी आहे; पेशवाईच्या काळापासून तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या तांबटांची ही वस्ती. तिथले मठारकाम प्रसिद्ध आहे. गुळगुळीत घासलेल्या तोंडाच्या हातोडीने तांब्याच्या पत्र्यावर शेजारीशेजारी, ओळीने, एकाच वजनाचे घाव घालत जायचे, आणि प्रत्येक घावाचा एक लहानसा चपटा आरसा मागे राहतो. घाव केवळ शोभेसाठी नसतात. मऊ तांबे ठोकल्याने ताठ होते, भांड्याला पोचा येत नाही. मी माझ्या कीचेनसाठी अडीच सेंटिमीटर व्यासाच्या तांब्याच्या चकत्या घेते, किंचित फुगीर, वरून मठारलेल्या. अशी चकती खिडकीशी धरून तिरकी केली की उजेड एका आरशातून दुसऱ्यात सरकताना दिसतो, आणि जवळून पाहिले तर दोन घावांच्या मधली कडा इतकी अरुंद असते की तिथे नखही ठरत नाही. फुगवटा फार असू नये, तीन मिलिमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. त्याहून उंच दागिना खिशाच्या शिवणीत अडकतो आणि मोबाइलच्या काचेवर रेघा ओढतो.

तांबे आणि सालीचे चामडे यांचे भांडण पहिल्या पावसाळ्यात दिसू लागते. हे चामडे स्वभावाने आम्लधर्मी असते, शिवाय ते मऊ राहावे म्हणून त्यात तेल-चरबी मुरवलेली असते. त्या चरबीतली आम्ले दमट हवेत तांब्याशी संयोग पावतात आणि चकतीच्या पाठीमागे, अगदी कडेकडेने, हिरवा मेणचट कळंक साचतो. पितळेतही तांबेच बहुसंख्य असल्याने त्याचीही सुटका नाही. फडक्याने तो पुसता येतो, पण चामड्यात गेलेला हिरवा डाग निघत नाही, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या हवेत तर तो लवकरच पुन्हा हजर होतो. परदेशी कारागीर धातूच्या पाठीला लॅकर लावतात. मला त्याहून आपल्याकडची युक्ती बरी वाटते, ती म्हणजे कल्हई. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकू नये म्हणून जे करतात तेच चकतीच्या पाठीला करायचे. चकती तापवायची, नवसागर टाकून तिचे तोंड स्वच्छ करायचे आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने तिच्यावर फिरवायचे. मग चामड्याला तांबे दिसतच नाही, त्याला लागून असते ते कथील, आणि कथलाला ही आम्ले सहसा त्रास देत नाहीत. पुढून लाल, मागून चंदेरी अशी ती चकती हातात आली की ती मागची बाजू झाकून टाकायची याचे थोडे वाईटच वाटते.

लोखंडाचे भांडण वेगळे आणि अधिक कुरूप. हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि हिरडा एकत्र आले की काळा रंग होतो. जुन्या काळी शाई याच मेळाने करीत. साल-हिरड्याने कमावलेले चामडे ओले असताना त्याला लोखंड लागले की नेमकी तीच शाई चामड्याच्या अंगात तयार होते. कीचेनच्या स्वस्त कड्या पोलादी असतात, वर निकेलचा पातळ मुलामा. किल्ल्या फिरून फिरून तो मुलामा दुमडीपाशीच आधी जातो आणि मग पावसाळ्यात तिथे निळसर काळा वण उमटतो. यावर उपाय साधा आहे, कडी स्टेनलेस स्टीलची किंवा भरीव पितळेची घ्यावी.

चकती चामड्यावर बसवायची कशी, हा खरा प्रश्न. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक दागिन्यांना मागे दोन पाय असतात, ते चामड्यातून काढून दुमडायचे. काहींना मागे स्क्रू असतो. हे दोन्ही प्रकार चालतात, पण दोन्हींत चकती चामड्याच्या जिवावर जगते. मी जुन्या वस्तू पाहत गेले तसतसे लक्षात आले की ज्यांनी हे काम पोटापाण्यासाठी केले, त्यांच्याकडे दागिना असा ऐतखाऊ क्वचितच असतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गुराख्यांच्या खोगिरांवर धातूच्या ज्या गोल चकत्या दिसतात, कॉन्चो म्हणतात त्यांना, त्यांतल्या अनेकींच्या मध्ये दोन खाचा असतात. खोगिराचे थर आरपार बांधणारी चामड्याची वादी त्या खाचांतून बाहेर येते आणि तिथे गाठली जाते. चकती नसेल तर ओढ बसताच गाठ चामड्यात रुतेल. म्हणजे ती चकती ही नक्षीदार वॉशर आहे. त्याच देशाच्या नैऋत्येकडच्या नावाहो कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीच्या चकत्यांचे जे कमरपट्टे केले, त्यांतल्या सुरुवातीच्या चकत्यांच्या मध्यभागी चौकोनी तिरपे छिद्र आणि त्यात एक आडवी पट्टी असे, आणि पट्ट्याचे चामडे त्या पट्टीवरून ओवलेले असे. पुढे मागच्या बाजूला डाग देऊन, म्हणजे झाळून, तांब्याचे फासे बसवता येऊ लागले, तेव्हा मधले छिद्र बुजले आणि तिथे नक्षी आली. नक्षी सुंदर आहे, पण मला छिद्राच्याच चकत्या जास्त आवडतात, कारण त्या कशा टिकून आहेत हे समोर दिसते.

आपल्याकडे तर उदाहरणे शोधायला लांब जायला नको. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका कमरेला चांदीचा छल्ला खोचत. पुढे मोराची किंवा वेलबुट्टीची नक्षी, मागे लुगड्यात खोचायचा चपटा आकडा, खाली किल्ल्या अडकवायच्या कड्या. तो दागिना होता की अवजार, हा प्रश्न त्या बायकांना पडला नसावा. आणि पोळ्याला बैलांच्या गळ्यात दिसते ती घुंगरमाळ पाहा. मी हातात घेऊन पाहिलेल्या माळांत प्रत्येक घुंगराचा मागचा फासा चामड्याच्या पट्ट्यातल्या चिरेतून मागे काढलेला होता आणि सगळ्या फाशांतून एकच वादी ओवत नेलेली होती. शिवण नाही, खिळा नाही. घुंगरू वादीला पट्ट्याबाहेर जाऊ देत नाही आणि वादी घुंगराला. बैल दिवसभर मान हलवतो, वाजतगाजत मिरवणुकीतून जातो, माळ जागची हलत नाही.

माझ्या कीचेनची आजची घडण या माळेवरून आली. कडीला ओढ बसते तेव्हा दुमडलेल्या पट्टीचे दोन थर एकमेकांपासून उकलू पाहतात आणि तो सगळा ताण कडीलगतच्या पहिल्या टाक्यावर येतो. कीचेनची शिवण सुटते ती नेहमी तिथूनच. म्हणून मी चकती पट्टीच्या मध्यावर, जिथे ती सर्वांत ऐटदार दिसेल तिथे न बसवता, वर कडीच्या अगदी खाली बसवते. चकतीच्या पाठीला तांब्याचा फासा डाग देऊन जोडलेला असतो, तो दोन्ही थरांतल्या चिरेतून मागे निघतो, आणि त्यातून चामड्याची एक आखूड वादी आडवी ओवून तिची दोन्ही टोके कडेच्या शिवणीत शिवून टाकायची. आता थर उकलायचे म्हटले तर आधी चकती चामड्यातून आरपार ओढावी लागेल, आणि अडीच सेंटिमीटरची चकती त्या अरुंद चिरेतून जात नाही. पहिल्या टाक्याला आता आराम आहे. दागिना थोडा वर सरकल्यामुळे कीचेन काही जणांना डोक्यात जड वाटते. त्यांना मी मधल्या चकतीची करून देते, पण मनापासून नाही.

दागिन्यावर काय असावे, यावरून मात्र गंमती होतात. कोयरी, चंद्रकोर, कमळ, सूर्य यांना कोणाची हरकत नसते. राजमुद्रेची मागणी सतत येते. आणि गणपतीची येते तेव्हा मी आधी विचारून घेते, कारण एकाच घरात मुलाला कीचेनवर गणपती हवा असतो आणि आईला चामड्यावर देव चालत नाही. दोघांनाही मी खोटे ठरवत नाही. ढोलकी, पखवाज आणि मृदंगाचे कातडे देवळात घुमते, तेव्हा कोणाच्या मनात किंतू येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण घरच्या वडीलधाऱ्यांशी कीचेनवरून वाद घालणे हा माझा धंदा नव्हे. देवळाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या एका आजोबांनी मला सरळच सांगितले, "चकती तुमची झकास आहे, पण चामडं नको." त्यांना मी पलंगाच्या सुती नवारीची पट्टी घेऊन तिच्यावर तीच कल्हईची चकती बसवून दिली. नवारीला आरी लागत नाही. बोथट सुई विणीतले धागे न तोडता मधून वाट काढते, टाका मात्र तोच, दोन सुयांचा. फक्त चकतीच्या फाशासाठी चीर पाडली तर नवार उसवेल, म्हणून तिथे धागे बाजूला सारून भोवती काजाचा टाका घालावा लागला, आणि आडव्या वादीच्या जागी मेण लावलेली सुताची दोरी आली.